सेमाडोहची जीप: नवे हिटर प्लग टाकूनही पहाटे न धरणारं इंजिन

परतवाड्याहून धारणीला जाणाऱ्या रस्त्यावर, सिपना नदीच्या खोऱ्यात सेमाडोह लागतं. तिथली एक जुनी महिंद्रा जीप रोज पहाटे साडेपाचला दुधाचे कॅन आणि खवा घेऊन परतवाड्याला निघते. इंजिन पूजोचं, एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिमी बोअर, ८३ मिमी स्ट्रोक, २११२ सीसी, प्री-चेंबरचं, म्हणजे डिझेल आधी सिलिंडरला जोडलेल्या छोट्या कोठडीत पेटतं असं. डिसेंबरात पहाटेचा पारा ६ अंशांवर आला आणि गाडी धरेनाशी झाली. मालकाची तक्रार थोडक्यात अशी: "भाऊ, सकाळी नुसता पांढरा धूर फेकते, धरतच नाई. दुपारी पाहा, पहिल्याच सेल्फला चालू."

तोवर बरंच काम झालेलं होतं. बॅटरी नवी. सेल्फ खोलून कार्बन ब्रश आणि बुश बदललेले. १ आणि ४ नंबरच्या सिलिंडरचे हिटर प्लग (थंड इंजिनात डिझेल पेट घ्यावं म्हणून करंटने तापणारे) आठवड्यापूर्वीच नवे टाकलेले. तरी रोज पहाटे चार माणसं धक्क्याला लागत, नाहीतर एअर क्लीनरच्या तोंडाशी पेटती चिंधी धरली जाई. चिंधीचा उपाय गावोगाव चालतो, पण तो करू नये. या जीपचा एअर क्लीनर ऑइल-बाथचा आहे, म्हणजे ज्वाळेच्या खाली तेलाची वाटी. जळकी सुतं आत ओढली जातात ती वेगळीच.

विदर्भात हे दुखणं उशिरा कळतं, त्याला हवामान कारण आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा चारही प्लग मेलेले असले तरी इंजिन पहिल्या झटक्यात चालू होतं. पावसाळाही असाच निघून जातो. मग थंडी एकदम उतरते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती, आणि मेळघाटच्या खोऱ्यांत पहाटेची थंड हवा तळाशी साचून राहते. आठ-नऊ महिन्यांत एकेक करून मेलेले प्लग अशा एकाच पहाटे उघडे पडतात. लोकांना वाटतं, गाडी कालपर्यंत ठीक होती.

लक्षणांवरून काय कळलं

पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलचं धुकं. सेल्फ मारताना तो सायलेन्सरमधून येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचतंय. फीड पंप, फिल्टर, पाइपात हवा, हे सगळं तिथेच मागे पडतं. धूर अजिबात नसता तर आधी डिझेलची लाइन पाहावी लागली असती.

दुपारी पहिल्या सेल्फला चालू होतं, यावरून काँप्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर, पार गेलेलं नाही एवढंच म्हणता येतं. त्यापुढचं मोजूनच बोलावं. बॅटरी उभी असताना १२.५ व्होल्ट, सेल्फ मारताना ९.९. इंजिन झपाझप फिरत होतं. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ च्या खाली जात नसेल तर बॅटरी आणि सेल्फ यांना दोष देऊ नये. या प्रकरणात आधी व्होल्ट मोजले असते तर दोन्हींवरचा खर्च वाचला असता.

प्री-चेंबरच्या इंजिनाचं काँप्रेशन २२ ला १ च्या आसपास असतं, डायरेक्ट इंजेक्शनपेक्षा बरंच जास्त. तरी थंडीत हिटर याच इंजिनाला जास्त लागतो. दाबलेली हवा अरुंद घशातून छोट्या कोठडीत शिरते. त्या कोठडीच्या भिंती थंडगार असतात आणि हवेच्या मानाने त्यांचं क्षेत्रफळ मोठं असतं. हवेची उष्णता भिंतीच पिऊन टाकतात. प्लगचं लाल टोक त्या कोठडीत असतं आणि डिझेलच्या फवाऱ्याची कडा त्याला चाटून पेट घेते. टोक लाल नसेल तर धूर, एवढंच.

टेस्ट लॅम्पने केलेली दिशाभूल

प्लगांचे मूळ रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) आणि टायमर या गाडीत नव्हतेच. मागच्या एका उन्हाळ्यात ते बिघडले तेव्हा कोणीतरी काढून टाकले आणि डॅशबोर्डवर हॉर्नसारखं दाबायचं बटन बसवलं. बॅटरीहून वायर बटनाला, बटनाहून वायर थेट चारही प्लग जोडणाऱ्या पट्टीला. वायर १.५ चौरस मिमीची, जाऊन-येऊन ३.८ मीटर. मध्ये एक जोड, पिळा मारून वर चिकटपट्टी.

आधीच्या कारागिराने टेस्ट लॅम्प लावून पाहिला होता. बटन दाबलं की पट्टीवर लॅम्प पेटायचा, म्हणून करंट येतोय असं धरून त्याने प्लगांकडे मोर्चा वळवला. अडचण अशी की टेस्ट लॅम्पला अर्धा अँपिअरही पुरतो आणि तो ८ व्होल्टवरही पेटतो. एक हिटर प्लग गरम झाल्यावर ८ ते १० अँपिअर खातो, अगदी सुरुवातीच्या क्षणी त्याच्या जवळजवळ दुप्पट. लॅम्पला पुरलेली वायर प्लगला पुरेल असं नाही. इथे मीटरच हवा, तोही प्लग जोडलेले असताना आणि बटन दाबून धरलेलं असताना. बटन दाबून दहा सेकंदांनी आकडे घेतले ते असे.

बॅटरीच्या दोन टोकांवर १२.१ व्होल्ट. प्लगच्या पट्टीवर, इंजिनच्या ब्लॉकच्या तुलनेत, फक्त ८.८. म्हणजे ३.३ व्होल्ट वाटेत हरवले. ते कुठे गेले हे शोधायला मीटरचं एक टोक एका जागी आणि दुसरं पुढच्या जागी लावत जायचं:

- बॅटरी ते बटन, वायरमध्ये: ०.७ व्होल्ट
- बटनाच्या आतल्या पॉइंटवर: १.१ व्होल्ट
- बटन ते पट्टी, पिळ्याच्या जोडासह: १.३ व्होल्ट
- ब्लॉक ते बॅटरीचं निगेटिव्ह: ०.२ व्होल्ट

बटन हाताला गरम लागत होतं आणि जोडावरची चिकटपट्टी वितळून काळी पडली होती. मीटर नसला तरी ही खूण पुरेशी बोलकी आहे. दहा सेकंदांत जिथे चटका बसतो, तिथेच उष्णता वाया जाते.

प्लग ११ व्होल्टचे. उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या पटीत बदलते, त्यामुळे ८.८ व्होल्टवर ढोबळ हिशेबाने ६४ टक्केच उष्णता मिळते. टोक लाल व्हायच्या ऐवजी तांबूस होऊन थांबतं.

प्लगांची तपासणी

पट्टी काढल्याशिवाय प्लग तपासता येत नाहीत, कारण पट्टीने चारही एकमेकांना समांतर जोडलेले असतात. एक चांगला असला तरी मीटर सगळ्यांवर चांगलाच आकडा दाखवतो. पट्टीचे नट सोडताना प्लगचा मधला खांब फिरणार नाही याकडे लक्ष द्यावं. खांब फिरला की आतली तार तुटते, आणि मग तो प्लग आधीच मेलेला होता की आपण मारला हे सांगता येत नाही.

ओहम मोजण्याआधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना टेकवाव्यात. स्वस्त मीटर तिथेच ०.२ ते ०.३ ओहम दाखवतात. तेवढे प्रत्येक आकड्यातून वजा करायचे, नाहीतर ०.८ चा प्लग १.१ वाटतो. थंड इंजिनवर १ नंबर ०.८ ओहम, ४ नंबर ०.९. नवेच असल्याने ते ठीक निघाले. २ आणि ३ वर मीटरने काहीच दाखवलं नाही, दोन्ही आतून तुटलेले. क्लॅम्प मीटर वायरभोवती लावला तेव्हाही हाच हिशेब जुळला. चार चांगल्या प्लगांना ३५ ते ४० अँपिअर दिसायला हवेत, इथे १५ होते.

क्लॅम्प मीटर हाताशी असेल तर पहिली तपासणी त्यानेच करावी. पट्टी न काढता, एका मिनिटात किती प्लग जिवंत आहेत ते कळतं. डीसी अँपिअर मोजणारा असावा एवढंच. घरगुती लाइनवाले बरेच क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात.

काढताना

या कामात सगळ्यात जास्त नुकसान प्लग काढताना होतं. वर्षानुवर्षं बसलेल्या प्लगच्या टोकाभोवती काजळी दगडासारखी घट्ट होते. जोर लावला की प्लग षटकोनाशी, म्हणजे पाना बसतो तिथे, तुटतो, उरलेला तुकडा हेडमध्ये राहतो आणि अर्ध्या दिवसाचं काम हेड उतरवण्यापर्यंत जातं.

म्हणून आदल्या संध्याकाळी चारही प्लगांच्या मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडलं. सकाळी इंजिन चालवून चांगलं गरम केलं आणि गरम असतानाच, बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडून, काम सुरू केलं. गरम हेड थोडं फुगतं आणि आट्यांची पकड ढिली होते. आटे एम-१२ गुणिले १.२५ चे होते. अशा प्लगला सोडवताना ४५ न्यूटन मीटरच्या वर जाऊ नये. तेवढ्यावरही हलला नाही तर थांबायचं, पुन्हा तेल, पुन्हा गरम. हलला की एकदम काढायचा नाही. पाव फेरा सोडायचा, थोडा परत आवळायचा, पुन्हा सोडायचा, म्हणजे काजळी कुटली जाते. ३ नंबरला या पद्धतीने वीस मिनिटं लागली. लांब टॉमी लावली असती तर तो नक्की तुटला असता.

टॉर्क पाना गावात क्वचितच असतो. पण कापूस जोखायचा ताणकाटा बऱ्याच घरी असतो, आणि तो इथे चालतो. षटकोनाच्या मध्यापासून २५ सेंमीवर पान्याला ताणकाट्याचा हूक अडकवून काटकोनात ओढलं तर १० किलोला २५ न्यूटन मीटर होतात, १८ किलोला ४५. अंदाजाने लावलेल्या हातापेक्षा हे फार बरं.

निघालेले प्लग काय सांगतात

काढलेला प्लग फेकण्याआधी नीट पाहावा. २ नंबरचं टोक अखंड होतं, वर सुकी काळी काजळी. हा वयाने गेला, आतली तार तुटली, बाकी काही नाही.

३ नंबरचं टोक मात्र खाल्लेलं होतं. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर वितळून तिरपे झालेले, बाजूला ओलसर जाड काजळी. असं टोक करंटमुळे सहसा होत नाही. जास्त व्होल्टने किंवा फार वेळ बटन दाबल्याने प्लग जातो तेव्हा टोक फुगतं किंवा नळीला चीर पडते. वितळलेलं, कुरतडलेलं टोक डिझेल फवारणाऱ्या नोझलकडे बोट दाखवतं: फवारा पडायच्या ऐवजी धार पडते किंवा थेंब गळतो, आणि ते डिझेल प्लगच्या अंगावर जळत राहतं. पंपाचं टायमिंग फार पुढे असेल तरीही असं होतं, पण तेव्हा चारही टोकं सारखी खराब दिसतात. इथे एकच होतं.

नोझल काढून टेस्टरवर लावले. १, २ आणि ४ नंबर ११५ ते १२० बारला उघडत होते, फवारा स्वच्छ. ३ नंबर ८५ बारलाच उघडला आणि टोकाला थेंब धरला. त्याचं नोझल बदलून, शिम (पातळ चकती) घालून १२० बारवर आणलं, खालचे तांब्याचे वायसर नवे टाकले. टेस्टर चालवताना हात फवाऱ्यासमोर कधीही आणू नये. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो.

हे पाहिलं नसतं तर नवा ३ नंबर प्लगही थोड्याच दिवसांत जळला असता आणि दोष प्लग बनवणाऱ्यावर गेला असता.

प्लगची छिद्रं उघडीच होती, म्हणून तिथूनच काँप्रेशन घेतलं. यासाठी त्याच आट्यांचा अडॅप्टर लागतो. आकडे २४, २३.५, २२ आणि २४ बार. जुन्या इंजिनासाठी समाधानकारक, आणि चारांत फार तफावत नाही.

बसवताना

नवे प्लग घेताना आटे, टोकाची लांबी आणि व्होल्ट तिन्ही जुन्याशी जुळवले. २४ व्होल्टचा प्लग १२ च्या गाडीत आट्यांनी अगदी सहज बसतो, पण तापत नाही. टोक लांब असलेला प्लग चेंबरच्या भिंतीला किंवा फवाऱ्याच्या मध्यात येतो. चारही एकाच बनावटीचे घेतले. १ आणि ४ चे आठवड्यापूर्वी टाकलेले प्लग चांगले होते, ते सुटे म्हणून गाडीत ठेवले. वेगवेगळ्या बनावटीचे प्लग वेगवेगळ्या वेगाने तापतात आणि मग पट्टीवरच्या अँपिअरवरून काही निदान करता येत नाही.

प्रत्येक नवा प्लग आधी बाहेर पेटवून पाहिला. व्हाइसमध्ये षटकोनाला धरून, ३० अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून, बॅटरीच्या केबलने. टोकापासून लाली सुरू व्हावी आणि आठ-दहा सेकंदांत टोक लालभडक व्हावं. लाली मधून किंवा षटकोनाजवळून सुरू झाली तर तो प्लग परत करायचा. पंधरा सेकंदांच्या वर धरू नये. टोक ८०० अंशांच्या पुढे जातं आणि दिसायला थंड झाल्यावरही बोट भाजतं. डिझेलचा डबा, चिंध्या आणि नुकतीच चार्ज झालेली बॅटरी लांब.

छिद्रांत काजळी उरली होती. रिमरला ग्रीस चोपडून हाताने फिरवून ती काढली, ग्रीसला चिकटून बाहेर येते. मग स्टॉपर ओढून (डिझेल बंद करून), छिद्रांवर कापड टाकून आणि तोंड बाजूला ठेवून सेल्फचे दोन झटके दिले, उरलेली उडून गेली. प्लग बोटांनी तीन-चार फेरे आत गेलाच पाहिजे. जात नसेल तर पाना लावायचा नाही, आटे साफ करायचे. आट्यांना तांब्याच्या ग्रीसचा अगदी पातळ हात दिला, टोकाला नाही. कारण अर्थ आट्यांतून आणि शंकूच्या बैठकीतूनच मिळतो, तिथे लोणी फासल्यासारखं ग्रीस नको. आवळणं २२ ते २५ न्यूटन मीटर. वरच्या पट्टीच्या नटाला ३ न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे नट टेकल्यावर जेमतेम पाव फेरा.

मुद्दाम केलेली एक मोजणी

वायरिंग बदलण्याआधी, चार नवे प्लग आणि जुनं बटन असं ठेवून एकदा आकडा घेतला. वायरमधून २४ अँपिअर जात होते आणि पट्टीवर फक्त ६.९ व्होल्ट उरले. दोन मेलेले असताना ८.८ होते! चारही जिवंत झाल्यावर वायरवरचा भार वाढला, वाटेतली गळती ३.३ वरून ५.१ व्होल्टवर गेली आणि प्रत्येक प्लगच्या वाट्याला ३९ टक्केच उष्णता आली. फक्त प्लग बदलून गाडी परत दिली असती तर ती पहिल्यापेक्षा वाईट चालू झाली असती. "नवे टाकले तेव्हापासून जास्तच बिघडली" ही तक्रार बऱ्याचदा अशी खरी असते, आणि ग्राहकाला वेड्यात काढलं जातं.

मग वायरिंग नवं केलं. ७० अँपिअरचा रिले इंजिनच्या बाजूच्या पत्र्यावर, बॅटरीजवळ ६० अँपिअरचा पट्टी फ्यूज, बॅटरी ते रिले ते पट्टी ६ चौरस मिमीची वायर, एकूण १.८ मीटर. टोकांना दाबलेले थिंबल. पिळ्याचा एकही जोड नाही. डॅशबोर्डवरचं बटन राहिलं, पण आता ते फक्त रिलेच्या कॉइलला करंट देतं, त्याला १ चौरस मिमीची वायर पुरते. ते चावीच्या अशा टोकावरून घेतलं जिथे सेल्फ मारतानाही करंट टिकतो, कारण सेल्फ फिरतानाच प्लग बंद पडले तर आधीची सगळी मेहनत वाया. रिलेच्या बाहेरच्या टोकाहून एक लहान दिवा डॅशवर आणला. रिले चिकटून राहिला तर दिवा विझत नाही आणि ड्रायव्हरला कळतं. ब्लॉक ते बॅटरी अर्थची पट्टी नवी, खालचा रंग खरवडून.

आता दहाव्या सेकंदाला बॅटरीवर ११.७, पट्टीवर ११.२ व्होल्ट, वायरमध्ये ३९ अँपिअर.

पुढचे दिवस

दुसऱ्या दिवशी पहाटे ६ अंशांवर बारा सेकंद बटन, बटन न सोडता सेल्फ, आणि तिसऱ्या सेकंदाला इंजिन धरलं. धूर अर्ध्या मिनिटात निवळला. पूर्वी मिनिट-मिनिट बटन दाबायची सवय होती, ती मोडावी लागली. आता पूर्ण व्होल्ट मिळतात, त्यात इंजिन चालू झाल्यावर अल्टरनेटर १४ व्होल्ट देतो. तेव्हा बटन धरून ठेवलं तर प्लगची टोकं फुगतील. चालू झाल्यावर फार तर पंधरा-वीस सेकंद, तेही इंजिन अडखळत असेल तरच.

स्टार्टिंग स्प्रेचा डबा गाडीतून काढून टाकायला सांगितला. लाल प्लगवर ईथर पडलं तर ते पिस्टन वर यायच्या आधीच पेटतं. रिंगा तुटतात, कधी एअर क्लीनरमधून ज्वाळ उलटी बाहेर येते. हिटर असलेल्या इंजिनावर स्प्रे नाही, कितीही थंडी असो.

फेब्रुवारीत पुन्हा पाहिलं तेव्हा २९ अँपिअर दिसले, म्हणजे एक प्लग कमी. ४ नंबरचा पट्टीवरचा नट कंपनाने सैल झाला होता. तो आवळून खाली स्प्रिंग वायसर घातला, आकडा ३९ वर आला. आता बॉनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने लिहून ठेवलंय: "दहा सेकंदांनी ३९ अँपिअर, ११.२ व्होल्ट". दसऱ्याला गाडी धुऊन पूजा होते, त्याच सकाळी क्लॅम्प मीटर लावून हा आकडा जुळवायचा असं मालकाशी ठरलं आहे.